लेड कोरला महागडं रील लागत नाही, मोठं लागतं

बोटीमागे आमिष ओढत मासे धरणारा माणूस लेड कोरकडे, म्हणजे आमिष खोल नेणाऱ्या शिशाच्या दोरीकडे, वळला की त्याला एक सल्ला हमखास मिळतो: "लाइन काउंटरवालं, अख्ख्या धातूचं, जलद गिअरचं आणि जबरदस्त ड्रॅगचं रील घे. स्वस्तातलं घेतलंस तर एका हंगामात भंगारात जाईल." (लाइन काउंटर म्हणजे किती दोरी बाहेर गेली ते दाखवणारा आकडा, ड्रॅग म्हणजे मासा ओढू लागला की दोरी रोखत-रोखत सोडणारा ब्रेक.) हा सल्ला इतक्या तोंडांतून फिरला आहे की तो कोणी तपासायलाही जात नाही. माझ्या मते तो चुकीचा आहे आणि त्याने नव्या माणसाचं नुकसान होतं. लेड कोरची खरी ताकद वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्या एकाच वेळी पाण्यात असण्यात आहे. तीन रंगांची (एक रंग म्हणजे ३० फूट) एक, पाचाची एक, दहाची एक, आणि प्रत्येकीला स्वतंत्र रील. सगळे पैसे एकाच रीलवर घालवले की हा खेळ हातातून जातो.

किमतीत सर्वांत जास्त फरक लाइन काउंटरने पडतो, म्हणून आधी तोच घेतो. लेड कोर म्हणजे विणलेल्या आवरणात ओवलेली शिशाची बारीक तार. ते आवरण दर १० वारांना, म्हणजे ३० फुटांना, रंग बदलतं. म्हणूनच या दोरीची लांबी सगळे रंगांत सांगतात: पाच रंग म्हणजे १५० फूट, दहा रंग म्हणजे ३०० फूट. मोजपट्टी दोरीतच विणलेली आहे. काउंटर मात्र दोरी मोजत नाही, स्पूलचे, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या चकरीचे, फेरे मोजतो. भरलेल्या स्पूलच्या एका फेऱ्यात जेवढी दोरी सुटते तेवढी तो अर्धा रिकामा झाल्यावर सुटत नाही आणि जाड लेड कोर सुटताना स्पूलचा घेर भराभर उतरतो. म्हणजे भरलेल्या स्पूलवर जुळवलेला आकडा जितकी जास्त दोरी बाहेर, तितका चुकत जातो. रॉडच्या टोकातून बाहेर पडणारा रंग चुकत नाही.

शिवाय इतकी काटेकोर मोजणी हवी तरी कशाला? ताशी दोन मैलांच्या आसपासच्या वेगाला एका रंगामागे साधारण ५ फूट खोली मिळते, असा ढोबळ हिशेब सगळे धरतात. लांबीत १० फुटांची चूक झाली तर खोलीत पावणेदोन फुटांचाही फरक पडत नाही. बोटीचा वेग किंचित कमी झाला, तरी दोरी याहून जास्त खाली जाते. वळण घेताना आतल्या बाजूची दोरी बुडते आणि बाहेरची वर येते. लक्ष तिथे हवं.

काउंटर कुठे लागतो तेही सांगतो. दोन-तीन रंगांचा तुकडा पूर्ण सोडून त्यामागे ठरावीक बॅकिंग (लेड कोरच्या मागे जोडलेली साधी दोरी) सोडायचं असेल किंवा तेच रील उद्या डायव्हरसाठी (आमिष खाली ओढून नेणाऱ्या पट्टीसाठी) वापरायचं असेल, तर काउंटर कामाचा आहे. नुसत्या लेड कोरसाठी नाही. पेनचं ३०९ हे जुनं रील पाहा. काउंटर नाही, साधा स्टार ड्रॅग, दोरी सारखी पसरवणारं लेव्हल-वाइंड आणि रुंद स्पूल. या दोरीसाठी ते लोकांनी वर्षानुवर्षं वापरलं आहे.

आता ज्याबद्दल त्या सल्ल्यात एक अक्षरही नाही ती गोष्ट: जागा. माझ्या लेखी हीच पहिली कसोटी. खोक्यावर छापलेली क्षमता बहुतेक वेळा साध्या मोनो (एकाच नायलॉन धाग्याच्या) दोरीची असते. दोरी दुप्पट जाड झाली की ती जागा चौपट खाते. खोक्यावर ४०० वार लिहिले असतील आणि तुमची लेड कोर त्या मोनोच्या दुप्पट जाड असेल, तर जेमतेम १०० वार बसतील. म्हणजे दहा रंग भरले की स्पूल काठोकाठ आणि बॅकिंगला जागा शून्य. मोठा मासा पळाला की सुटायला दोरीच उरत नाही. म्हणून लहान चकचकीत रीलपेक्षा एक माप मोठं साधं रील घ्यावं आणि बॅकिंगला बारीक ब्रेड (विणलेली दोरी) भरावी. किती भरायची ते कळायला आधी लेड कोर गुंडाळा, तिच्यावर स्पूल भरेपर्यंत ब्रेड घ्या, मग सगळं उतरवून उलट क्रमाने भरा. कटकटीचं काम आहे, पण अंदाज चुकत नाही.

जोडाची गाठही इथेच सांभाळायची. लेड कोरचं आवरण मागे चुरगाळत न्यायचं, आतली तार पाच-सहा इंच उघडी करून तोडायची आणि आवरण पुन्हा पुढे ओढायचं. मऊ पोकळ शेपटी हाताशी येते आणि गाठ त्या शेपटीत मारायची. तार आत ठेवून मारलेली गाठ टपोरी होते, लेव्हल-वाइंडच्या डोळ्यातून जाताना दर वेळी टक्कन अडकते आणि हळूहळू त्या डोळ्याची वाट लावते. मग दोष रीलच्या स्वस्तपणाला दिला जातो.

जलद गिअरचा आग्रह तर गणितातच टिकत नाही. ६ सेंमी व्यासाचा भरलेला स्पूल आणि ४:१ गिअर असेल, तर हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ७५ सेंमी दोरी येते. ४ सेंमीचा स्पूल आणि ६:१ गिअर घेतलं तरी तेवढीच येते. उलट दोरी बाहेर गेल्यावर लहान स्पूलचा घेर जास्त झपाट्याने घटतो आणि शिशाच्या तारेला तिथे वळणंही घट्ट बसतात. असल्या वळणांनी आणि गुंत्यांनी तार आतल्या आत तुटते.

ड्रॅगच्या कमाल आकड्यावर पैसे घालू नका. पुढचा लीडर (आमिषाजवळचा दोरीचा तुकडा) १५-२० पौंडी असेल, तर २५ पौंडांचा ड्रॅग लावणार कुठे? ड्रॅग सुटतो कसा ते बघा. दोरी हाताने अगदी सावकाश ओढा. आधी अडून मग झटका देत सुटली, तर ते रील परत ठेवा. आवडलेल्या रीलमध्ये एवढाच दोष असेल तर कार्बनचे वॉशर बदलून तो पुष्कळदा जातो. क्लिकरही, म्हणजे दोरी सुटताना कटकट वाजणारा खटका, वाजवून पाहा. इंजिनाच्या आवाजात तो ऐकू आला पाहिजे.

बेअरिंगच्या संख्येने सावकाश ओढायच्या या कामात काही बिघडत नाही.

"एका हंगामात भंगार" हे काही रीलच्या बाबतीत खरं आहे, मान्य. हँडल उलट्या बाजूला दाबल्यावर मागे घसरत असेल किंवा बाजूच्या तबकड्या चिमटीत दाबल्यावर वाकत असतील, तर ते रील फुकटही घेऊ नका. पण चांगल्या ग्राफाइटची चौकट गोड्या पाण्यात भरपूर टिकते आणि गंजत नाही. स्वस्त रील आधी दमतं ते लेव्हल-वाइंडच्या नागमोडी खाचांच्या दांड्यावर, कारण तिथे वाळू आणि कचरा बसतो. दिवस संपल्यावर जुन्या टूथब्रशने तो दांडा घासायचा आणि तेलाचा एक थेंब सोडायचा.

एकाच मॉडेलची तीन घेतली तर आणखी एक सोय होते: एकाचं हँडल किंवा स्प्रिंग गेली की त्या दिवसापुरता भाग शेजारच्या रीलमधून काढता येतो. फक्त प्रत्येकावर टेप लावून किती रंग भरले आहेत ते लिहून ठेवा. पहाटे अंधारात तीनही सारखीच दिसतात.