आधी पालथं करून बघा

आज एका ओळखीच्यांकडे वास्तुशांत होती. पूजा छान झाली, मसालेभात फर्स्टक्लास. आणि मग हॉलच्या कोपऱ्यात ते दिसलं. लाकडाचं जुनं कॅनव्हासबॅक जातीचं बदक, नर, तांबूस डोक्याचं. त्याच्या पाठीतून पोटापर्यंत आरपार भोक पाडून वर दिव्याची दांडी ठोकलेली. शेड गुलाबी. "अँटिक आहे हं. नुसतं पडून होतं, आता कामाचं झालं," यजमान म्हणाले. मी दोन जिलब्या जास्त खाल्ल्या आणि तोंड बंद ठेवलं. इथे उघडतो.

अहो, ते कामाचंच होतं!

इतकी वर्षं इथे अमेरिकेत, मेरीलंडात राहून आपल्यातले निम्मे लोक हॅवर डी ग्रेस गावी फक्त आइस्क्रीम खायला जातात. सस्क्वेहॅना नदी तिथे चेसापीकच्या खाडीला मिळते. मुखाशी मैलोन्‌मैल उथळ पाणी, त्याच्या तळाशी गवत, आणि ते गवत खायला हिवाळ्यात येणारी बदकं. त्यांना फसवून खाली उतरवायला शिकारी पाण्यावर लाकडी बदकं मांडायचे, दोन-चार नाही, शेकड्यांनी. मधोमध शवपेटीसारखी होडी पाण्याच्या पातळीपर्यंत बुडवलेली आणि तिच्यात बंदूकवाला उताणा पडलेला. १९३५ साली त्या होडीवर बंदी आली, बरंच झालं. हो, शेवटी ही पक्षी मारायचीच अवजारं. मान्य. पुढे.

चार वर्षांपूर्वी त्या गावात एका म्हाताऱ्या कारागिराच्या शेडमध्ये गेलो होतो. पायाखाली भुसा, भिंतीवर नुसती डोकी टांगलेली, धडं वेगळीकडे. मी आपला एक बदक हातात घेऊन पिसांचा रंग, डोळे वगैरे न्याहाळत होतो. म्हाताऱ्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं, पालथं केलं आणि पोट दाखवलं: मधोमध शिशाचा तुकडा, पुढे दोरी बांधायची कडी. मग दारातल्या पाण्याच्या पिंपात ते चक्क उलटं टाकलं. बदकाने एक गचका खाल्ला, अंग वळवलं आणि सरळ होऊन डुलायला लागलं. रंगाबद्दल म्हातारा एक अक्षर बोलला नाही.

सावंतवाडीला आमच्या शोकेसमध्ये चिताऱ्यांकडची लाकडी फळं होती. पाहुणा केळ्याला हात घालायचा आणि आम्ही पोरं खिदळायचो. पण फसणारा माणूस होता, हसून सोडून द्यायचा. इथे परीक्षक बदक! लाकूड जरा कललं, पाण्यात चुकीचं हललं, की थवा वरच्या वर निघून जाणार.

आणि ही कामं करणारी माणसं कोण? हॅवर डी ग्रेसचेच मॅडिसन मिचेल (१९०१–१९९३). पोटापाण्याचा धंदा अंत्यसंस्कारांचा, आणि उरलेल्या वेळात हजारो बदकं. धडं लेथवर काढायचे, त्यामुळे 'यंत्र आलं, कला गेली' हे रडगाणं मला गाता येत नाही, गायचं होतं खरं. खाली क्रिसफिल्डला लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे भाऊ. दोघे न्हावी! दाढ्या करता करता बदकं. मिचेलच्या बदकाचं पोट गोल, वॉर्ड बंधूंचं सपाट आणि रुंद. एकाच खाडीची दोन टोकं, पण पोटावर हात फिरवला की गाव कळतं. लेमना १९८३ साली देशाचा लोककलेचा मोठा सन्मान मिळाला. आपल्याकडे न्हाव्याला कधी मिळेल? जाऊ दे, विषय भरकटेल.

२००७ साली मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रोवेल या कारागिराची दोन लाकडी पाखरं प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरला विकली गेली. आता ती कोण पिंपात टाकणार?

प्लास्टिकची बदकं हलकी असतात, स्वस्त असतात. पहाटे चारला थंडीत शंभर बदकं मांडायची तर मीही प्लास्टिकच उचलीन. ठीक आहे. त्यात १९७२ साली अ‍ॅग्नेस वादळाच्या पुराने गाळ आणला, पाण्याखालचं गवत गेलं. अलीकडे गवत पुन्हा आलंय, पण लाकडी बदकं तोवर फडताळावर जाऊन बसली होती.

एवढं तावातावाने लिहून मान वर केली तर समोर माझं बदक. म्हाताऱ्याकडून नव्वद डॉलरला आणलेलं. चार वर्षं पुस्तकांना टेकू देतंय. माझ्याकडे भोक पाडायचं ड्रिल नाही, एवढाच फरक म्हणायचा.

बाथटब भरला. उलटं टाकलं. क्षणभर पोट वर करून पडून राहिलं, माझ्या पोटात गोळा आला. मग हळूच वळलं. शेपटीजवळचा रंगाचा एक पापुद्रा सुटून पाण्यावर तरंगतोय. बायको बाहेरून विचारतेय, "अहो, आत्ता रात्री अकराला आंघोळ?"