यूपीआयची पावती हातात आहे, पण ती कशाची? गुहागरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

ऑनलाइन जुगारात लावलेले पैसे धोक्यात असतात, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. एक, मटकेवाला पैसे घेऊन गायब होऊ शकत होता, ॲपवर यूपीआयचा पुरावा राहतो. दोन, फसलो तरी तीन दिवसांत बँकेला कळवलं की पैसे परत मिळतात. तीन, नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, म्हणजे मी लोकांना उगाच घाबरवतोय. तिसऱ्यातलं शिक्षेबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं गुन्हा आहे, आणि बँका व पेमेंट कंपन्यांना अशा व्यवहारांना हात लावायलाही बंदी आहे. म्हणजे सरळ वाट बंद झाली. तरीही एखादं ॲप तुमचे पैसे घेतंय, तर ते बहुधा भाड्याच्या खात्यातून, म्हणजे कुणीतरी मोबदला घेऊन वापरायला दिलेल्या खात्यातून घेतंय.

पैसे भरायचा स्क्रीन नीट बघा. क्यूआर कुणा अनोळखी माणसाच्या किंवा कुठल्याशा 'ट्रेडर्स'च्या नावाचा असतो. सकाळी एक नाव, संध्याकाळी दुसरं. पैसे गेले की बारा आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) टाका, स्क्रीनशॉट पाठवा, असं सांगतात. ऑनलाइन वीजबिल भरताना असा यूटीआर कुणी मागतं का? तिथे पैसे पोचल्याची खबर गेटवे, म्हणजे मधली पेमेंट यंत्रणा, आपणहून देतो. इथे गेटवेच नाही, म्हणून कुणीतरी माणूस बसून आकडे जुळवतो. तुमची पावती एवढंच सांगते की तुम्ही अमक्याला इतके रुपये दिलेत. कशासाठी दिले, ते तिच्यात कुठेच नसतं. ॲपमध्ये दिसणारी शिल्लक हा त्यांच्या वहीतला आकडा, तो बँकेत नाही.

तीन दिवसांचा, म्हणजे कामकाजाच्या तीन दिवसांचा, नियम रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकातून आला. तो तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. इथे पिन तुम्हीच टाकलाय, त्यामुळे त्या नियमाचं संरक्षण मिळत नाही.

पैसे काढताना काय होतं, तेही हिशेबाने बघू. हजार भरा, हजार बोनस घ्या. अट अशी की बोनसच्या वीसपट रक्कम खेळल्याशिवाय काढता येणार नाही. म्हणजे 20,000 रुपये लावायचे. खेळ शंभरातले पाच ठेवून घेत असेल, तर तेवढ्यात सरासरी हजार रुपये जातात, बोनस होता तेवढेच. अट भरणा आणि बोनस दोन्हींवर असेल तर दोन्ही जातात. त्यातूनही कुणी जिंकलं, की 'आधी 30 टक्के टॅक्स भरा, मग रक्कम सोडतो' असा निरोप येतो. हे साफ खोटं. जिंकलेल्या रकमेवरचा कर ती रक्कम देणाऱ्याने त्यातूनच कापायचा असतो, वेगळा मागायचा नसतो.

पण पैसे बुडणं हा यातला लहान धोका आहे. मोठा धोका पैसे मिळण्यात आहे, आणि माझ्या लेखात मी तो पुरेसा ठळक मांडला नाही. जिंकलेले 4,000 तुम्हाला ज्या खात्यातून येतात, त्याच खात्यात कुणा फसवल्या गेलेल्या माणसाचेही पैसे पडलेले असू शकतात. तो 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैशाचा माग एका खात्यातून दुसऱ्या खात्यात काढला जातो आणि तुमचं खातं त्या साखळीत सापडतं. कधी वादातली रक्कम अडकते, कधी अख्खं खातं गोठतं. त्याच खात्यात वाशीच्या बाजारातून आलेली आंब्याची पट्टी (विक्रीचे पैसे) असेल, किंवा 1 ऑगस्टला होडी दर्यात काढण्यापूर्वी खलाशांना द्यायची उचल असेल, तर? तक्रार परराज्यातली असेल, आणि तुमच्या शाखेतल्या मॅनेजरला खात्यावरची बंदी आपल्या अधिकारात उठवता येत नाही.

असं झालंच, तर शाखेत लेखी अर्ज देऊन तीन गोष्टी मागा: तक्रारीचा पोचक्रमांक, कोणतं पोलीस ठाणं, आणि वादातली नेमकी रक्कम किती. मग त्या ठाण्याला ईमेलने दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब), मासळीच्या लिलावाची बिलं, खात्याचा उतारा पाठवा आणि खात्यावरची बंदी तेवढ्याच रकमेपुरती ठेवावी अशी विनंती करा. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच धोरण घेतलं होतं. ती रक्कम जुगारातून आली हे लपवू नका. नंतर उघड झालं तर बाकीच्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

राहिला मटका. तो 1887 च्या कायद्यानेच गुन्हा आहे, त्याची बाजू मी घेत नाही. पण आकडा घेणाऱ्याचं घर वाडीला ठाऊक असायचं, पैसे थकले तर लोक त्याच्या पडवीत जाऊन बसायचे. ॲपवाल्याची पडवी कुठे आहे ते तुम्हाला माहीत नाही. माहीत होतो तो फक्त खातं भाड्याने देणारा कॉलेजातला पोरगा, ज्याला महिन्याचे दोन-चार हजार मिळतात आणि ज्याच्या नावावर गुन्हा पहिला दाखल होतो. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल, तर त्याला आजच शाखेत नेऊन ते खातं बंद करायला लावा, आणि एटीएम कार्ड व सिम ज्याच्याकडे दिलंय त्याचं नाव पोलिसांना लेखी द्यायला सांगा.