उपवासाच्या दिवशी पावणेचार ताटं

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा कॅथलिक प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या दिवशी, भूक माणसाच्या आधी उठते. एरवी दुपारी दोनपर्यंत ज्यांना जेवणाची शुद्ध नसते, त्यांच्याही पोटात त्या दिवशी मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, पहिल्या घंटेलाच खड्डा पडतो. आज खायचं नाही, हे पोटाला कुणीतरी आदल्या रात्रीच कळवलेलं असतं. प्रायश्चित्तकाळ भुकेमुळे अवघड जातो, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो पाळलेला नसावा. माझ्या मते तो अवघड जातो पोटात बसलेल्या वकिलामुळे. वर्षभर हा गृहस्थ झोपलेला असतो. प्रायश्चित्तकाळ लागला की काळा कोट चढवून कॅनन कायद्याची, म्हणजे चर्चच्या कायद्याची, पानं उलटायला घेतो.

कायदा तसा सोपा आहे. १९८३ च्या संहितेप्रमाणे सक्तीच्या उपवासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. या दोन दिवशी आणि शुक्रवारी मांस वर्ज्य. मांसवर्ज्य चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून लागू होतं आणि त्याला निवृत्तीचं वय नाही. उपवास मात्र अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत, म्हणजे एकोणसाठाव्या वाढदिवसापर्यंत. एरवी वय विचारलं की विषय बदलणारी माणसं या एका दिवशी आपणहून जन्मतारीख सांगतात, तीही दाखल्यासकट.

आता उपवास म्हणजे काय? पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये घालून दिलेला नियम असा: दिवसातून एकदाच पूर्ण जेवण, सकाळ-संध्याकाळ थोडं काही खाल्लं तर चालेल. त्या ‘थोड्या’चं माप बहुतेक ठिकाणी असं सांगतात की, दोन्ही वेळचं मिळून एका पूर्ण जेवणाइतकं होता कामा नये. मधल्या वेळी काही नाही. बस्स. इथे वकील उभा राहतो. पूर्ण जेवण किती मोठं असावं, हे कायद्यात कुठे लिहिलंय? समजा ते दोन ताटांचं केलं. मग छोटी दोन्ही मिळून पावणेदोन ताटं झाली, तरी नियम मोडत नाही. एकूण पावणेचार ताटं, आणि उपवास शाबूत. एरवी एवढं खाल्लं असतं तर घरच्यांनी डॉक्टरांना बोलावलं असतं.

दुसरा युक्तिवाद पातळ पदार्थांचा. पाणी आणि औषध कधीच आड येत नाहीत. पेयानं उपवास मोडत नाही, असं जुने नीतिशास्त्रज्ञही म्हणत आले आहेत. पण अख्खं जेवण दुधात घालून फिरवलं की त्याचं पेय होतं का, यावर वकील तासभर बोलू शकतो. प्रायश्चित्तकाळात स्वयंपाकघरातलं सगळ्यात धोक्याचं यंत्र म्हणजे मिक्सर.

त्यावर उपाय एकच, मोजमाप आदल्या रात्री, भरल्या पोटी ठरवायचं. पूर्ण जेवण रोजच्या ताटाएवढं, छोटी दोन प्रत्येकी त्याच्या चौथ्या हिश्शाएवढी. पूर्ण जेवण दुपारी घ्यावं. रात्रीवर ढकललं तर दिवसभर डोकं चढतं, माणूस दिसेल त्याच्यावर खेकसतो, आणि ताट समोर आल्यावर हात आवरत नाही. डोकं दुखण्याचा दोषही सगळा भुकेवर घालू नये. पाणी प्यायचं राहिलेलं असतं, नाहीतर रोजची कॉफी बंद केलेली असते. आजारी माणसं, गरोदर बायका आणि अंगावर पिणारं मूल असलेल्या आया यांना उपवासाची सक्ती नाही. त्यांच्यासमोर शहीद असल्यासारखं तोंड करून बसू नये.

मांसवर्ज्याचं आणखी निराळं. मासे, अंडी, दूध चालतं. प्राण्यांच्या चरबीची फोडणीसुद्धा १९६६ च्या नियमानं माफ आहे. त्यामुळे शुक्रवारी टेबलावर माशांचे पाच प्रकार मांडून ‘आज आमचं साधंच’ म्हणणारी घरं कायद्याच्या दृष्टीनं निर्दोष सुटतात. कायद्याचा दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत धरतात, हेही वकिलानं शोधून ठेवलेलं असतं. शुक्रवारी रात्री पावणेबाराला भांडं चुलीवर चढलं तर ओळखावं की घरात कायद्याचा अभ्यास चांगला आहे. शिवाय शुक्रवारी महासण, म्हणजे चर्चचा सर्वोच्च दर्जाचा सण, आला तर मांसवर्ज्य सुटतं. २५ मार्च २०२२ ला देवदूतानं मरियेला दिलेल्या निरोपाचा सण शुक्रवारीच आला होता, आणि १९ मार्च २०२७ ला संत जोसेफही शुक्रवारीच येणार आहेत. ज्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही, त्यांना या तारखा तोंडपाठ असतात.

राखेच्या बुधवारी मिस्सेला येण्याची सक्ती नसते, तरी चर्च भरून वाहतं. कपाळाला लावायची ही राख गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी वाटलेल्या झावळ्यांची. झावळ्या कडकडीत वाळलेल्या असाव्यात. ओल्या असल्या तर राखेऐवजी नुसता धूर होतो. धातूच्या भांड्यात, उघड्यावर जाळायच्या. पूर्ण जळाल्या तर राख करडी होते आणि कपाळावर दिसत नाही, म्हणून काळ्या झाल्या की थांबवून कुटायच्या आणि बारीक चाळणीनं चाळायच्या. चिकटावी म्हणून त्यात पाणी ओतण्याचा उत्साह मात्र नको. राखेतले क्षार पाण्यात उतरले की कपाळ चुरचुरतं, क्वचित भाजतंही. पश्चात्ताप आतून व्हावा, असं अपेक्षित आहे. लागलंच तर दोन थेंब तेल पुरे. कोरडी राख निरुपद्रवी, पण ती नाकावर आणि चष्म्यावर पडते. रांगेत पुढे असलेल्यांना रेखीव क्रूस मिळतो. मागच्यांच्या वेळेपर्यंत फादरांचा अंगठा दमलेला असतो आणि कपाळावर अंदाजे काहीतरी उमटतं. गंमत म्हणजे त्याच मिस्सेत मत्तयच्या सहाव्या अध्यायाचं वाचन असतं: उपवास कराल तेव्हा तोंड धुवा, लोकांना दिसू देऊ नका. ते ऐकायचं, आणि लगेच कपाळ पुढे करायचं.

मग चाळीस दिवसांचा हिशोब. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मोजले तर दिवस भरतात सेहेचाळीस. सहा रविवार वगळले की चाळीस. दुसरी मोजणी पहिल्या रविवारपासून पवित्र गुरुवारपर्यंतची. ती रविवार न वगळताही चाळीसच येते. दोन्ही बरोबर. वकील दोन्हींतल्या फक्त सवलती उचलतो. रविवार वगळायचे, आणि गुरुवारी संध्याकाळी काळ संपला असंही धरायचं. उरले अडतीस. मार्चमधले दोन महासण वजा केले की छत्तीस. रविवारची उपासना शनिवारी संध्याकाळीच सुरू होते, तेव्हा शनिवार अर्धाच मोजायचा. गुरुवारी काळ संपल्याच्या आनंदात वकील असतो, आणि दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेचा सक्तीचा उपवास येऊन उभा राहतो.

एखादी आवडती गोष्ट सोडण्याची सक्ती कायद्यात नाही. ती आपण आपल्यावर लादलेली, म्हणून रविवारी सुटी घ्यायची की नाही हेही आपणच ठरवायचं. फक्त पहिल्याच दिवशी ठरवावं, चॉकलेट हातात धरून नव्हे. संकल्प मोडतात ते बहुधा मोघमपणामुळे. ‘मोबाइल कमी वापरीन’ हा संकल्प नव्हे, हवामानाचा अंदाज आहे. ‘रात्री नऊनंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि त्या वेळेत रोझरी’ याला संकल्प म्हणतात. सोडलेल्या वस्तूचे पैसे त्याच दिवशी दानाच्या डबीत टाकावेत. महिनाअखेरचा हिशोब नेहमी डबीच्या विरुद्ध जातो. दानधर्माशिवायचा उपवास म्हणजे नुसती काटकसर, आणि वजन उतरवण्यासाठी केलेला असेल तर तेवढंही नाही.

क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या अखेरच्या प्रवासातले प्रसंग आठवत करायच्या प्रार्थनेची, स्थानं चौदा. हा आकडा पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ मध्ये पक्का केला, आणि गुडघे तो विसरू देत नाहीत. उजवा गुडघा डाव्या टाचेजवळ टेकवायचा, पाठ सरळ, हात पुढच्या बाकावर. घाईत पुढे वाकलं की तोल जातो. नवव्या स्थानावर येशू तिसऱ्यांदा पडतो, तेव्हा बाकांमधले काही जण त्याला साथ देतात. गर्दी असेल तर स्थानावरून स्थानाकडे फक्त प्रार्थना चालवणाऱ्यानं फिरलं तरी पुरतं.

पापनिवेदनाला, म्हणजे फादरांसमोर पापं कबूल करायला, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात जाऊ नये. रांग मोठी, फादर दमलेले. तिसऱ्या आठवड्यात निवांत असतं. गंभीर पाप कोणतं आणि किती वेळा, एवढंच सांगायचं. पार्श्वभूमी, हवामान आणि शेजाऱ्याची पापं लागत नाहीत. प्रायश्चित्त म्हणून दिलेली प्रार्थना चर्चमधून निघण्याआधीच म्हणून टाकावी.

ईस्टर झाला की वकिलाला वाटतं, खटला निकाली निघाला. पुढचा शुक्रवार अष्टकातला, म्हणजे ईस्टरपासूनच्या आठ दिवसांतला, म्हणून महासणाच्याच दर्जाचा. तेव्हा मांस चालतं. पण त्यानंतरचा शुक्रवार? संहितेनुसार वर्षभरातला प्रत्येक शुक्रवार प्रायश्चित्ताचाच. त्या दिवशी मांस सोडायचं की त्याऐवजी दुसरं काही करायचं, हे त्या त्या ठिकाणचं बिशप मंडळ ठरवतं. त्याची सूचना चर्चच्या नोटीस बोर्डावर लावलेली असते, सहलीच्या जाहिरातीच्या बरोब्बर खाली.