पार्किंग नंतर विचारा, आधी रात्रीचा फोन कोण उचलतं ते विचारा

आज सकाळी एका ग्रुपवर एका मैत्रिणीने हॉस्पिसबद्दल, म्हणजे बरं न होणाऱ्या माणसाची शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या सेवेबद्दल, विचारलं, "बाबांसाठी हॉस्पिस बघतेय, घराजवळ एक आहे, कुणाला अनुभव आहे का?" एवढं एक वाक्य लिहायला तिला किती बळ लागलं असेल, ते ज्यांनी घरात असं आजारपण काढलंय त्यांना कळेल. आणि उत्तरं काय आली? "छान आहे, एकदम स्वच्छ." "समोर बाग आहे." "स्टाफ हसतमुख आहे." "खोल्या मोठ्या आहेत, टीव्ही आहे." एकाने लिहिलं, पार्किंगचा त्रास नाही. पार्किंग! बाप शेवटच्या दिवसांत आहे आणि आपण त्याच्या मुलीला पार्किंग सांगतोय.

तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितोय. लांबेल. वाचा.

आमच्या आत्याचं शेवटचं आजारपण आम्ही घरीच काढलं. स्तनाचा कॅन्सर, हाडांत पसरलेला. पडून असली की शांत वाटायची, आणि कूस बदलायला हात लावला की कळवळायची. घरी येऊन सेवा देणारी एक हॉस्पिस संस्था आम्ही ठरवली होती. नाव लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका. लोकांनी भरभरून कौतुक केलेली संस्था. दिवसा सगळं ठीक चालायचं. सिस्टर यायच्या, ब्लडप्रेशर बघायच्या, गोड बोलायच्या, कागद भरायच्या आणि जायच्या.

मग ती रात्र आली. मध्यरात्र उलटून गेली होती. आत्याच्या पाठीत अशी कळ उठली की तिला पुरता श्वास घेता येईना. कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, "चोवीस तास सेवा". तो नंबर लावला. बऱ्याच वेळाने कुणीतरी उचलला. आत्याचं नाव विचारलं, आजार विचारला, म्हणजे तिची फाइल त्याच्यापुढे नव्हतीच. मग म्हणाला, "पुढचा डोस सकाळी सहाला आहे ना? त्याआधी देता येणार नाही. डॉक्टर सकाळी बघतील."

तो माणूस उद्धट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्याचा आवाज नम्र होता. त्याच्या हातात काही नव्हतं, कारण रात्री दुखलं तर काय द्यायचं, हे कुठल्याच कागदावर कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. हसतमुख स्टाफचं कौतुक कुणी करायला लागलं की मला तो नम्र आवाज आठवतो आणि डोकं फिरतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध, घड्याळ लावून देतात, दुखायला लागायची वाट बघत बसत नाहीत. हे काल-परवा शोधलेलं नाही. सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या, आणि 1967 साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्या हेच सांगत आल्या: वेदना परत यायच्या आत पुढचा डोस द्या. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही हेच: शक्यतो तोंडाने, घड्याळाप्रमाणे, पायरी-पायरीने. आणि ठरलेल्या डोसांच्या मध्येच कळ उसळली, तर त्यासाठी वेगळा जादा डोस लिहून ठेवायचा असतो, साधारण दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सहाव्या भागाएवढा. तो घरच्यांना दाखवायचा असतो, किती द्यायचा, किती वेळाने परत देता येईल, कधी फोन करायचा. यात काही दुर्मीळ नाही, महागडं यंत्र नाही. एक ओळ लिहायची असते. आत्याच्या कागदावर ती ओळ नव्हती, म्हणून ती पहाटेपर्यंत उशीत तोंड खुपसून पडून राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

म्हणून मैत्रिणीला, आणि उद्या जिच्यावर ही वेळ येईल त्या प्रत्येकीला माझं सांगणं आहे. भेट द्यायला जाल तेव्हा बाग नंतर बघा. आधी विचारा: रविवारी रात्री दोन वाजता माझ्या माणसाला कळ आली तर फोन कोण उचलणार? तो नर्स असेल का, की ऑपरेटर? फाइल त्याला दिसत असेल का? तो फोनवर डोस सांगू शकेल का? घरी यायची वेळ आली तर कोण येणार, किती वेळात? आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा. "आमची चोवीस तास सेवा आहे हो" एवढंच म्हणत राहिले तर उठून या. ज्यांच्याकडे खरंच व्यवस्था असते ते लगेच सांगतात, या आठवड्यात रात्रपाळीला कोण आहे, त्याला अडचण आली तर तो कुणाला उठवतो. शक्य असेल तर एकदा रात्रीच त्या नंबरवर फोन करून बघा. लाज वाटून घेऊ नका.

बाग, उजेड, स्वच्छ चादरी यांनी काहीच फरक पडत नाही असं मी म्हणत नाही. पडतो. खिडकीतून झाड दिसलं तर माणसाला बरं वाटतं. मान्य.

आणि लोक जे पाच-पाच तारे देतात तेही खोटं बोलत नसतात. आपलं माणूस गेलेलं असतं, जो कुणी दोन शब्द प्रेमाने बोलला त्याच्याविषयी मन भरून येतं, आणि ते लिहिलं जातं. पण त्या ताऱ्यांवरून रात्र कळत नाही. शिवाय ज्याची वेदना थांबली नाही, तो लिहायला उरलेला नसतो.

आता दुसरी बाजू. त्या रात्रीनंतर माझ्या वडिलांनी रागारागाने ती संस्था सोडली आणि आम्ही दुसऱ्या टीमकडे गेलो. लहानशी टीम, बाग नाही, चकचकीत काही नाही. पहिल्या दिवशी आलेल्या सिस्टर आत्याच्या शेजारी खाली बसल्या. आधीच्या सिस्टर रोज विचारायच्या, "आजी, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" आणि आत्या रोज सांगायची, "दोन." आयुष्यभर दुसऱ्याला त्रास नको म्हणणारी बाई, ती कशाला आठ सांगेल? या सिस्टरनी आकडा विचारलाच नाही. म्हणाल्या, "आजी, काल रात्री सलग किती झोप झाली? जाग आली ती कशाने आली?" मग म्हणाल्या, "वळवताना बघू दे मला," आणि आम्ही आत्याला वळवलं तेव्हा त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं. आत्याने चादरीची कड मुठीत आवळली होती. सिस्टर आम्हाला म्हणाल्या, "यांचं दोन म्हणजे आठ आहे. अंग पुसायच्या, कूस बदलायच्या अर्धा-पाऊण तास आधी बाटलीतलं औषध द्या, मग हात लावा."

एवढंच. त्या दिवसापासून अंग पुसताना आत्या आमच्याशी बोलायला लागली. माझ्या लहानपणाच्या खोड्या सांगायची. हे लिहिताना आता राग जरा निवलाय, कारण ते दिवस खरंच चांगले गेले. कुणाला पटणार नाही, पण चांगले गेले.

त्याच सिस्टरनी पहिल्याच दिवशी आणखी एक गोष्ट विचारली, जी आधी कुणी विचारली नव्हती: पोट साफ होतंय का? मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच, जवळजवळ प्रत्येकाला, आणि शरीराला त्याची सवय होत नाही. म्हणून मॉर्फिन सुरू करतानाच पोट साफ ठेवायचं औषध सोबत सुरू करायचं असतं. आत्या बरेच दिवस त्या त्रासाने खात नव्हती आणि आम्ही समजत होतो, आजाराने भूक मेली. तुम्ही जिथे चौकशीला जाल तिथे हे जरूर विचारा. प्रश्न फार छोटा वाटेल, पण ज्यांना पेशंटची रोजची काळजी घेता येते ते यावर पाच मिनिटं बोलतात. तोंड कोरडं पडलं तर काय करता, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस किती वेळाने बदलता, रात्री पेशंट भांबावून वाट्टेल ते बोलायला लागला तर काय करता, हेही विचारा.

मॉर्फिनची भीती घालणाऱ्या नातेवाइकांविषयी मी फार बोलणार नाही, बोललो तर तोंड सुटेल. "त्याने माणूस लवकर जातो" असं सांगत येतात आणि दाराबाहेर जाऊन झोपतात. नीट मोजून, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही. ते अत्यावश्यक औषधांच्या जागतिक यादीत आहे. चुकीच्या हातात ते धोक्याचं आहे, हे खरं, म्हणून तर हात कुणाचे आहेत ते बघायचं.

आणि "हॉस्पिस म्हणजे हार मानली" हे तर ऐकवतच नाही आता. 2010 मध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटचा एक अभ्यास आला. ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे हॉस्पिससारखीच वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी, मिळाली, त्यांचे दिवस तर बरे गेलेच, पण ते सरासरीने जवळजवळ पावणेतीन महिने जास्त जगले. प्रत्येकाचं असंच होईल असं कुणी म्हणत नाही. पण आपण अगदी शेवटच्या आठवड्यात, सगळं अंगावर आल्यावर या लोकांना बोलावतो आणि मग म्हणतो त्यांनी काही केलं नाही. आम्हीही उशीर केला असता, फॅमिली डॉक्टर मागे लागले म्हणून वेळेत झालं.

चांगली टीम कोणती, याची माझ्या लेखी शेवटची परीक्षा म्हणजे ते पुढे काय होणार ते आधी सांगतात का. दुसऱ्या टीमच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. खाणं कमी होईल, मग थांबेल, जबरदस्ती करू नका, ओठ ओले ठेवा. झोप वाढेल. हातपाय गार पडतील. श्वास मध्येच थांबेल आणि परत सुरू होईल. घशातून घरघर येईल, ती ऐकणाऱ्याला असह्य होते, पण त्या वेळी त्यांना स्वतःला तिचा त्रास होत नसण्याची शक्यता खूप असते, कुशीवर वळवा, आम्हाला फोन करा. तुम्ही काय बोलताय ते त्यांना ऐकू येत असेल असं धरून बोला. आत्याच्या शेवटच्या रात्री हे सगळं तसंच झालं. माझे वडील घाबरले नाहीत. घरघर सुरू झाल्यावर फोन केला, उचलला त्यांनी नावाने ओळखलं, आणि सिस्टर आल्या. आत्याला अॅम्ब्युलन्समध्ये घालून, नळ्या लावून कुठे न्यावं लागलं नाही. ज्या घरांना हे आधी कुणी सांगत नाही, ती घरं त्या घरघरीला घाबरून माणसाला आयसीयूत नेतात, आणि मग निरोप काचेतून होतो. याला जबाबदार ती घरं नाहीत. जबाबदार ते आहेत ज्यांनी सेवेच्या नावाखाली फक्त ब्लडप्रेशर मोजलं.

हो, पहिल्या संस्थेतही माणसं कमी असतील, पगार तुटपुंजे असतील, एकेका सिस्टरकडे नको तितके पेशंट असतील. असेल. पण मग कार्डावर "चोवीस तास" छापू नका. "रात्री आम्ही नाही" असं लिहा, म्हणजे माणूस दुसरी सोय करेल.

दुसरी टीम नंतरही एकदा आली. उरलेलं मॉर्फिन मोजून ताब्यात घेतलं, सही घेतली. मग सिस्टरनी माझ्या आईला विचारलं, "तुम्हाला झोप लागते का आता?" आत्याची सगळी उस्तवार आईने केली होती, आणि तिला तिच्याबद्दल असं विचारणारं तोवर कुणीच नव्हतं, आमच्यासकट. आई खूप रडली. माणूस गेल्यावर घरच्यांची विचारपूस करणार का, हेही आधीच विचारून ठेवा. चांगल्या ठिकाणी तो कामाचाच भाग असतो.

त्या मैत्रिणीला मी वेगळा फोन करणार आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे चालू असेल तर इनबॉक्समध्ये लिहा, नंबर देतो. भेट द्यायला जाताना सोबत कुणी हवं असेल तरी सांगा, येईन. आणि कमेंटमध्ये कुणी संस्थांची नावं टाकू नका, मी काढून टाकेन.