लाईट बिल आणि गल्लीची इज्जत

वीज वाचवायचं मनावर घेतलंच असेल, तर सुरुवात बल्बपासून करा. बल्ब सगळ्यांना दिसतो, पाहुण्यांना दाखवता येतो. जानेवारी २०१५ मध्ये स्वस्तात एलईडी बल्ब देणारी केंद्राची उजाला योजना आली आणि ६० वॅटच्या पिवळ्या बल्बची जागा ९ वॅटच्या एलईडीनं घेतली. हा एलईडी खोलीतून बाहेर पडताना न चुकता बंद करा, आणि करताना पोरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ‘वीज ही राष्ट्रीय संपत्ती आहे’ असं म्हणा. मग बाथरूमकडे वळा आणि २,००० वॅटचा गिझर लावून निवांत पेपर वाचत बसा. अर्धा तास चालला की एक युनिट. तेवढ्याच युनिटात तो बल्ब १११ तास जळला असता, म्हणजे रात्रंदिवस धरून साडेचार दिवसांहून जास्त. पण गिझर बंद केला म्हणून कुणाचं चारचौघांत नाव झाल्याचं ऐकिवात नाही, तेव्हा तिकडं लक्ष देऊ नका.

पंख्याचंही तसंच. तो दोनवर ठेवा. रेग्युलेटर जुना, गरम होणारा डबा असेल तर वाचलेली बरीचशी वीज त्या डब्यातच तापते. हात लावून बघा, बचत हाताला लागते. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो आणि बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा ३०-३५ मध्ये भागवतो, हे दुकानदार सांगेल. तुम्ही किंमत ऐकून ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणा. एसी असेल तर तो १८ वर लावा आणि वर सोलापुरी चादर ओढून घ्या. केंद्राचा ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो की एक अंश वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून नवा एसी सुरू होतानाच २४ वर सुरू होतो. ती अडचण रिमोटनं चार सेकंदांत दूर होते.

(खरी वीज ज्यांनी वाचवली त्या आपल्या आज्या. ‘लाईट बंद कर की, तुझ्या बाची कंपनी हाय व्हय?’ या एका वाक्याइतकी परिणामकारक मोहीम अजून कुठल्या खात्याला सुचलेली नाही. पण ते वाक्य पत्रकावर छापता येत नाही.)

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडं वीज महावितरणची. पालिकेची वीज म्हटलं की आपल्याला मुंबईची बेस्ट आठवते, तीसुद्धा बसमुळे. अमेरिकेत मात्र अशा गावकीच्या वीजसंस्था दोन हजारांच्या घरात आहेत, आणि ग्राहकानं वीज कमी वापरावी म्हणून त्या नाना खटपटी करतात. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या संस्थेनं २००८ मध्ये ३५ हजार घरांना एक कागद धाडला: तुमच्याएवढ्याच घरात राहणारे शंभर शेजारी किती वीज वापरतात आणि तुम्ही किती. कमी वापरणाऱ्याला हसरा चेहरा, फारच कमी असेल तर दोन. जास्त वापरणाऱ्याला सुरुवातीला पडका चेहरा छापत, पण लोक चिडले म्हणून तो काढून टाकला. अशा कागदांनी वीजवापर साधारण दोन टक्क्यांनी उतरतो, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. त्याआधी त्याच राज्यातल्या सॅन मार्कोस गावात मानसशास्त्रज्ञांनी दारोदारी असेच कागद अडकवले होते. तिथं गंमत झाली. आपण सरासरीपेक्षा कमी वापरतो हे कळल्यावर काटकसरी घरांनी वापर वाढवला. ज्यांच्या कागदावर जोडीला हसरा चेहराही छापला होता, त्यांनी मात्र वापर वाढवला नाही.

ही योजना कोल्हापुरात आणावी, अशी माझी नम्र सूचना आहे. इथं ईर्षा बाहेरून आणावी लागत नाही. ज्या गावात फुटबॉलच्या एका गोलवरून दोन पेठा आठवडाभर बोलत नाहीत, तिथं शेजाऱ्याचं युनिट छापून आलं तर काय होईल याचा अंदाज सॅक्रामेंटोवाल्यांना यायचा नाही. तेव्हा तो कागद आल्यावर कसं वागायचं हे आत्ताच शिकून ठेवा.

‘तुम्ही शेजाऱ्यांपेक्षा बारा टक्के जास्त वीज वापरता’ असं छापून आलं, तर खाली मान घालायची नाही. कागद घेऊन थेट कट्ट्यावर जायचं.

‘बघितलंस? बारा टक्क्यांनी पुढं.’

‘कोण रे त्यो कमी वापरणारा?’

‘वरच्या अंगाचा. त्याच्याकडं पाव्हणं येत न्हाईत, लाईट कशाला लागतीय?’

एवढं झालं की विषय संपला. कमी बिल म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय, हा निकाल संध्याकाळपर्यंत गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पोचलेला असतो.

आणि समजा, तुम्हालाच हसरा चेहरा मिळाला? महिनाभर जपून, गिझरसुद्धा थोडा कमी लावून, तुम्ही वीस युनिट वाचवलेत. मग मंडळाची पोरं गप्प बसतील असं वाटतं का? चौकात वीस फुटी डिजिटल फलक लागणार. तुमचा गॉगलमधला फोटो, ‘वीजबचतीत गल्लीत एक नंबर’, खाली शुभेच्छुकांची चाळीस तोंडं. रात्री दिसावं म्हणून त्यावर मंडपवाल्याचे पाचशे वॅटचे चार जुने हॅलोजन. संध्याकाळी आठ ते सकाळी सहा. हिशेब तुम्हीच करा: महिन्याची बचत एका रात्रीत फिटते, आणि डिजिटल आठवडाभर तरी उतरत नाही.

दराचंही थोडं समजून घ्या. घरगुती वीज पहिल्या शंभर युनिटांपर्यंत स्वस्त. एकशे एकाव्या युनिटापासून दर जवळपास दुप्पट, पुढं तीनशे आणि पाचशेनंतर आणखी चढा. जास्त जाळाल तर जास्त मोजाल, अशी त्यामागची साधी कल्पना. त्यावर आपला उतारा त्याहून साधा आहे. वापर कमी करायचा नाही, मीटर दोन घ्यायचे. वरचा मजला थोरल्याच्या नावावर, खालचा धाकट्याच्या. चूल एक, कागदावर भाऊ वेगळे. खऱ्या वाटण्यांना वीस वर्षं कोर्टात जातात, मीटरपुरती वाटणी मात्र एका अर्जात गोडीगुलाबीनं होते.

ऐपत असेल तर छतावर सोलर बसवा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. बिल उतरलं की ‘आता काय, फुकटच हाय’ म्हणत दुसरा एसी घ्या, बिल पुन्हा पहिल्या जागी येईपर्यंत.

आणि दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनाच्या एखाद्या कार्यक्रमाला हजर राहाच. सकाळी अकराची वेळ, बाहेर लख्ख ऊन, आत पडदे ओढलेले आणि झाडून सगळ्या ट्यूब चालू. पाहुणे यायला पाऊण तास, तोवर ‘वीज वाचवा’ची चित्रफीत मोठ्या पडद्यावर तिसऱ्यांदा. मग दीपप्रज्वलन. समईची वात काही केल्या पेटत नाही, तेव्हा मागून कुणीतरी ओरडतं, ‘अरे, फॅन बंद करा!’ आणि पाच वाती लागेपर्यंत सभागृहातले सगळे पंखे बंद राहतात. त्या दिवशी वाचलेली वीज एवढीच.