आधी पोचणं पुरेसं नाही

‘नवी निर्मितीप्रक्रिया जो आधी वापरेल, तोच ग्राफिक्स चिपच्या बाजारात जिंकेल’ हे लेखातलं विधान मला अर्धंच पटलं. २००९ साली एनव्हिडिया आणि एएमडी या प्रतिस्पर्धी कंपन्या, दोघंही तैवानच्या टीएसएमसी या कारखानदार कंपनीकडूनच ४० नॅनोमीटरच्या (हा आकडा जितका लहान, तितकी प्रक्रिया नवी) चिप बनवून घेत होते. फरक पडला तो तयारीत. एएमडीने एप्रिलमध्ये एचडी ४७७० या छोट्या ग्राफिक्स कार्डावर ती प्रक्रिया आजमावली, तिच्या खोडी ओळखल्या आणि सप्टेंबरात एचडी ५८७० हे मोठं कार्ड आणलं. एनव्हिडियाने मात्र फर्मी या नव्या पिढीची सुरुवातच अवाढव्य चिपने केली. तिच्यावरचं जीटीएक्स ४८० कार्ड यायला मार्च २०१० उजाडला, आणि तेही ५१२पैकी ४८० कोअरच (चिपमधले हिशेब करणारे भाग) चालू ठेवून! चिप जितकी मोठी, तितके एका वेफरमधून (ज्यातून चिप कापतात ती सिलिकॉनची चकती) धड निघणारे नग कमी. हे गणित कुणालाच चुकत नाही.

उलट २०१४मध्ये दोघंही तोवर जुन्या झालेल्या २८ नॅनोमीटरवरच अडकलेले असताना एनव्हिडियाच्या मॅक्सवेल या चिपच्या पिढीने केवळ रचनेच्या जोरावर, कमी विजेत बाजी मारली. म्हणून आपल्या पुण्यातल्या तापकीर गल्लीत कार्ड घ्यायला जाणाऱ्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: नॅनोमीटर विचारत बसू नका. वॅट किती, फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) किती आणि घरच्या एसएमपीएसला (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला) ते झेपेल का, हे आधी विचारा.