लवादाचा निवाडा अंतिम ठरतो का?

राज्यघटनेच्या कलम २६२ मुळे राज्याराज्यांतील नदीजलवाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर राहतात आणि लवादाच्या निवाड्याने ते मिटतात, हे लेखातील विधान मला अपुरे वाटते. कावेरी लवाद १९९० मध्ये नेमला गेला, अंतिम निवाडा २००७ मध्ये आला, तो राजपत्रात प्रसिद्ध व्हायला (त्यानंतरच निवाडा बंधनकारक होतो) २०१३ उजाडले आणि तरीही २०१८ मध्ये कर्नाटकाचा वाटा १४.७५ टीएमसीने (अब्ज घनफुटांनी) वाढवला तो सर्वोच्च न्यायालयानेच. कृष्णेबाबत ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये दिलेला निवाडाही न्यायालयीन आदेशामुळे वर्षानुवर्षे राजपत्राबाहेर राहिला.

आम्ही कृष्णाकाठचे शेतकरी आहोत. लवाद असावा की नसावा याहून, त्याच्या निवाड्याची अंमलबजावणी नेमकी कधी सुरू होणार, हा प्रश्न आम्हाला अधिक जाचतो आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही.